आजची चूक

त्यांना सगळे चूकमास्तर म्हणत. तोंडावर अर्थातच 'सर'. पण जिन्यात, कँटीनमध्ये, मुलांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये, इतकंच काय, विभागाच्या शिपाईकाकांच्या तोंडीसुद्धा चूकमास्तरच. मास्तरांना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला ते पदार्थविज्ञान शिकवत. पहिल्या सत्रात यामिकी, म्हणजे ढकलणं, घसरणं, पडणं आणि आदळणं. दुसऱ्या सत्रात वीज आणि चुंबक. पायऱ्यापायऱ्यांचा मोठा वर्ग, वरखाली सरकणारे दोन फळे, आणि समोर नुकतीच शाळा सुटलेली दीडदोनशे पोरं. या पोरांसमोर मास्तर दर तासाला एक चूक करत. मुद्दाम, ठरवून, घरून तयारी करून.

त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून खरीखुरी चूक झाली होती. अधिकच्या जागी उणे पडलं आणि उतारावर ठेवलेला ठोकळा आपला आपण वर चढायला लागला. मास्तरांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या, वळून बघितलं, तर अख्खा वर्ग माना खाली घालून ठोकळ्याला वर चढवत होता. एकाचीही भुवई हलली नाही. त्या दिवशी मास्तर घरी येऊन बायकोपाशी तणतणले होते, "मी म्हैस उडते असं लिहिलं असतं ना, तरी या नंदीबैलांनी उतरवून घेतलं असतं. वर, पंख किती लांब ते परीक्षेला येणार का, असंही विचारलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. रोज एक चूक. ज्याला सापडेल त्याने पुढे यायचं, लाल खडू घ्यायचा, फळ्यावर दुरुस्त करायचं आणि का ते सगळ्यांना सांगायचं. कुणालाच नाही सापडली तर शेवटच्या दोन मिनिटांत मास्तर स्वतः लाल खडू उचलायचे. "चला, आजची चूक," असं म्हणायचे आणि वर्गातून एकदम 'अरेरे' उठायचं.

आता चूक करणं सोपं असतं असं कुणाला वाटेल. पण चांगली चूक निवडायला अक्कल लागते. ती ऐकायला खरी वाटली पाहिजे. वर फेकलेला चेंडू अगदी टोकाला क्षणभर थांबतो, वेग शून्य होतो, म्हणून त्वरणही शून्य. किंवा दिव्यात जाणारा प्रवाह जास्त आणि बाहेर पडणारा कमी, कारण मधला दिव्याने खाल्ला. पोरांच्या डोक्यात ही भुतं आधीपासूनच बसलेली असतात, आणि नुसतं बरोबर सांगून ती उतरत नाहीत. मास्तर त्यांना नावानिशी फळ्यावर बोलवायचे आणि पोरांकडूनच हाकलून लावायचे. निकाल सांगायचा तर दुसऱ्या वर्षाचे शिक्षक सरळ कबूल करायचे की चूकमास्तरांची पोरं ऐकून घेत नाहीत, फार प्रश्न विचारतात.

बायकोला मात्र हे कधी पटलं नाही. तिचं औषधांचं दुकान होतं. "तुमचं बरं आहे," ती म्हणायची, "चुका करायचा पगार मिळतो. माझ्याकडे एक गोळी इकडची तिकडे झाली तर माणूस जाईल." लेक आठवीत होती. बापाने जेवताना काहीही सांगितलं की ती घास हातात धरून विचारायची, "बाबा, ही मुद्दाम की खरी?" मग मायलेकी हसायच्या आणि मास्तर उगाच भाजीत मीठ कमी आहे म्हणायचे.

तर असं वीसेक वर्षं सुखाने चाललेलं असताना तक्रार आली.

तक्रार करणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या चिरंजीवांनी सत्रपरीक्षेत लिहिलं होतं की टोकावरच्या चेंडूला त्वरण नसतं. मार्क गेले. घरी चौकशी झाली, तेव्हा चिरंजीवांनी वही पुढे केली. फळ्यावर सरांनीच लिहिलं होतं म्हणे. ज्या दोन मिनिटांत लाल खडू निघाला, त्या दोन मिनिटांत चिरंजीव मॅच खेळायला मागच्या दाराने पसार झाले होते, पण ते त्यांनी बापाला सांगितलं नाही. डॉक्टर तडक डीनकडे गेले. डीननी विभागप्रमुख बाईंना बोलावलं. आणि बाईंनी मास्तरांना खाजगीत सांगितलं, "सर, मला तुमची पद्धत ठाऊक आहे. पण डीन म्हणतायत, प्रकरण वाढलं तर पहिलं वर्ष तुमच्याकडून काढून घेऊ. तिसऱ्या वर्षाचा एखादा ऐच्छिक विषय देऊ."

तिसऱ्या वर्षाची पोरं पक्की झालेली असतात, त्यांना काय हलवणार? मास्तरांचा सगळा जीव पहिल्या वर्षात होता. तो वर्ग गेला तर उरलेली आठ वर्षं नुसती नोकरी करायची, पगार घ्यायचा आणि घरी यायचं. रात्री त्यांनी बायकोला तसं सांगितलंही. तिने एरवीसारखा टोमणा मारला नाही, त्यावरून त्यांना कळलं की तीसुद्धा घाबरली आहे.

डॉक्टरांबरोबरची बैठक दुपारी होती. सकाळच्या तासाला मास्तर वर्गात शिरले ते अर्धं डोकं तिकडे ठेवूनच. विषय होता कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवून ठेवणारा डबा. मास्तरांनी बॅटरी काढली, बटण काढलं, दोन पट्ट्या काढल्या, भार कसा साठतो ते सांगितलं, गणित केलं. मग तास मध्यावर आल्यावर ठरलेलं वाक्य ठळक अक्षरात लिहिलं, 'पुरवठा तोडला, की कपॅसिटर रिकामा.' लिहून झाल्यावर ते नेहमीसारखे वर्गाकडे तोंड करून उभे राहिले. कुणाचा हात वर आला नाही. दुसऱ्या विषयाची चाचणी तोंडावर होती, अर्धा वर्ग जागरणाने पेंगत होता. असू दे, शेवटी सांगू, असं म्हणून ते पुढे गेले.

आणि शेवटाला दारात शिपाईकाका उभे.

"सर, डीनसाहेबांनी आत्ताच बोलावलंय. त्या डॉक्टरांना दुपारी दवाखाना आहे म्हणे. सगळे येऊन बसलेत."

मास्तरांनी खडू ठेवला, हात झटकले, पोरांना मानेनेच 'या आता' केलं आणि काकांच्या मागे निघाले. जिना चढताना ते मनात वाक्यं जुळवत होते.

डीनच्या खोलीत चौघेच होते. डीन, विभागप्रमुख बाई, डॉक्टर आणि मास्तर. डॉक्टर आरडाओरडा करणारे नव्हते, हीच तर पंचाईत होती. शांतपणे बोलले.

"मी रोज लोकांच्या तोंडात हत्यार घालतो," ते म्हणाले. "मुद्दाम शेजारचा दात धरत नाही. आणि पेशंटने ओळखलं तर शाबास म्हणून पाठ थोपटत नाही."

डीनना हसू आवरलं नाही. मास्तर हसले नाहीत.

"तुमच्याकडे माणूस येतो तो दुखतंय म्हणून," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे येणाऱ्या पोराला काहीच दुखत नसतं. चुकीची समजूत दुखत नाही हो. तिच्यावर आयुष्य आरामात निघतं. तिला जरा दुखवल्याशिवाय ती बाहेर येत नाही. मी आधी पोराला तिच्यावर विश्वास ठेवू देतो, मग त्यालाच ती पकडायला लावतो. त्यानंतर ते पोरगं जन्मात तिथे चुकत नाही."

"माझं पोरगं चुकलं ना," डॉक्टर म्हणाले.

"ते शेवटपर्यंत थांबलं नाही," मास्तर म्हणाले. मग वरमून म्हणाले, "पण तेही मी बघायला हवं होतं. यापुढे हजेरी शेवटी घेईन."

विभागप्रमुख बाईंनी मुद्द्यालाच हात घातला. "सर, एकच सांगा. इतक्या वर्षांत एखादी चूक न सांगता राहिली, वर्ग तसाच सुटला, असं कधी झालंय?"

"कधीच नाही." मास्तर ताठ बसले. "तास संपला तरी दार अडवून सांगितलंय मी. एकही चूक उघडी ठेवून माझा वर्ग बाहेर पडलेला नाही."

ते इतक्या ठामपणे बोलले की खोलीतली हवाच बदलली. डीन खुर्चीत मागे टेकले. बाईंच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. डीन म्हणाले, हजेरी शेवटी आणि चूक सांगितल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही, या अटीवर चालू राहायला हरकत नाही, डॉक्टरांचं काय म्हणणं? डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पहिलं वर्ष राहिलं.

"एक विचारू?" डॉक्टर उठता उठता म्हणाले. आता त्यांच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं. "आज काय चूक केली होती? चिरंजीवांना रात्री विचारतो, पकडली का म्हणून. आत्ता लॅबमध्ये असतील."

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं, हसतच उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

लाल खडू. आज त्यांनी लाल खडू उचललाच नव्हता.

आणि लॅब. पहिल्या वर्षाची तासानंतरची लॅब म्हणजे मागच्या इमारतीचं तळघर, आणि या आठवड्याचा प्रयोग म्हणजे तीनशे व्होल्टला भरायचा कपॅसिटर. भरायचा, पुरवठा तोडायचा, एक दिवा जोडायचा आणि साठलेल्या भारावर दिवा लख्खकन पेटून विझतो ते बघायचं. पुरवठा तोडल्यावरही भार आतच राहतो, हे दाखवायलाच तो प्रयोग होता. दिवा जोडायच्या आधी किंवा नंतर, कपॅसिटरला हात लावायचा तर आधी भार जमिनीत सोडणारी डिस्चार्ज दांडी टेकवायची, हा नियम. लाकडी मूठ, तांब्याचं टोक, मागे जमिनीत गेलेली तार. पण रिकाम्या डब्याला कोण दांडी टेकवत बसेल? आणि डबा रिकामा असतो हे सकाळी कुणी लिहिलं होतं?

मास्तरांच्या मनात आलं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. पाणी पिऊन येतो म्हणावं, बाहेर जाऊन फोन करावा, कुणाला कळायचं कारण नाही. आत्ताच आपण छातीठोकपणे काय बोललो ते तिघांनीही ऐकलंय. पण लॅबमध्ये मोबाइल न्यायला बंदी होती, दाराबाहेरच्या कप्प्यात ठेवावे लागत. हा नियम मास्तरांचाच.

"आजची चूक मी सांगितली नाही," ते म्हणाले. "उघडी राहिली. आणि ती या लॅबमधलीच आहे. शॉक बसेल कुणाला तरी." एवढं म्हणून ते दाराबाहेर होते. मागे बाई लॅबमधल्या फोनचा नंबर फिरवत होत्या, तो वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं.

मास्तर पळाले. पन्नाशी उलटलेला, एक गुडघा अधू झालेला माणूस जसा पळेल तसे पळाले. कठड्याला धरून जिना, मग लांबलचक व्हरांडा, मग दोन इमारतींमधलं सिमेंटचं अंगण. मागून बुटांचा आवाज येत होता. डॉक्टर होते. मास्तरांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, कुणाचा तरी हात कपॅसिटरच्या पितळी खुंट्यांकडे चाललाय. अंगणात त्यांचा पाय मुरगळला, ते तसेच लंगडत पुढे गेले. तळघराच्या पायऱ्यांवर त्यांना पोरांचा गलका ऐकू आला. भांडणासारखा.

दार ढकललं. आत सगळी बॅच मधल्या टेबलाभोवती गोळा झाली होती. खाली कुणी पडलं होतं का ते मास्तरांनी आधी बघितलं. कुणी पडलं नव्हतं. पोरं वाद घालत होती, हातात वह्या, आणि टेबलावर भरलेला कपॅसिटर, ज्याच्या हातभर अंतरात कुणी नव्हतं. शेजारी साऱ्या दांड्या गोळा करून ठेवलेल्या.

डॉक्टरांचे चिरंजीव सगळ्यात पुढे होते. बापाला बघून ते गडबडले, पण मास्तरांकडे वळले.

"सर, बरं झालं आलात. आम्ही कुणीच हात लावलेला नाही. आज तुम्ही चूक सांगितलीच नाहीत ना. म्हणजे सकाळच्या तासातली एक ओळ नक्की खोटी आहे. कुठली ते कळेपर्यंत काही करायचं नाही असं ठरवलं आम्ही. एकेक ओळ तपासत होतो. लॅबच्या ताई स्टोअरमधून व्होल्टमीटर आणायला गेल्यात. आम्हाला वाटतंय की ती रिकामावाली ओळ."

मास्तरांना धाप लागली होती. त्यांनी टेबलाच्या कडेला धरलं. पोरांनी वाट बघितली होती. पोरांनी फळ्यावरच्या, त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातल्या ओळीवर विश्वास ठेवायला नकार दिला होता. वीस वर्षं ते जे करायला बघत होते ते या तळघरात घडलं होतं, आणि डॉक्टर शेजारी उभे राहून ऐकत होते. डॉक्टरांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "तू काढलंस शोधून?" त्यांनी विचारलं, आणि चिरंजीव म्हणाले, "सगळ्यांनी मिळून." मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांच्याच्याने राहवेना. "का?" त्यांनी विचारलं. "रिकामावालीच का? सांग बरं."

पोरगं सांगायला लागलं. मास्तर ऐकत होते, मान डोलवत होते.

भिंतीकडच्या टेबलावरून टक्क असा आवाज आला. काठी मोडावी तसा. पाठोपाठ स्टूल पडलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. तिथे एक मुलगी एकटीच काम करत होती. आता ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात छातीशी घट्ट धरून, आणि तिच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता. मास्तर तिच्यापाशी कसे पोचले ते त्यांना कळलं नाही. स्टोअरमधून लॅबच्या ताई धावत आल्या, त्यांनी आधी पुरवठ्याचं मुख्य बटण बघितलं, दांडी टेकवली, मग खाली बसून मुलीची नाडी धरली. डॉक्टर दुसऱ्या बाजूला बसले होते. "श्वास घे. हळू. माझ्याकडे बघ," ते म्हणत होते. मुलीने श्वास घेतला. नाडी लागत होती. दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती, आणि हात फेकला जाऊन कोपर भिंतीवर आपटलं होतं ते सुजायला लागलं होतं. ताईंनी कुणाला तरी विद्यापीठाच्या दवाखान्यात पिटाळलं.

मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. हा चेहरा त्यांनी कधी बघितला नव्हता.

"सॉरी सर," मुलगी म्हणाली. आता ती थरथरत होती. "माझंच काहीतरी चुकलं. मी आजच आले. बाबांची बदली झाली, म्हणून मधूनच. जोडीदार नाही मिळाला, म्हणून एकटीच."

"बोलू नकोस," ताई म्हणाल्या.

"दांडी तिकडे होती. सगळे बोलत होते, म्हटलं कशाला मागा. तसा रिकामाच असणार होता." तिने डाव्या हाताने टेबलावरच्या वहीकडे दाखवलं. "सकाळी मी नीट लिहून घेतलं होतं, सर. पुरवठा तोडला की रिकामा. माझं लिहिताना काही राहिलं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तू बरोबर लिहिलंस. मी लिहिलं ते खोटं होतं."

"चुकून?"

"अगं, तसं नाही," चिरंजीव पुढे होऊन समजावायला लागले, "सर रोज एक..."

मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं. उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी ते वरच्या खोलीत दिलं होतं आणि तीन शहाण्या माणसांना ते पटलं होतं.

"चुकून नाही," ते म्हणाले. "मुद्दाम."

मुलीला कळेना. ती वेदनेने डोळे मिटत होती आणि परत उघडत होती. "म्हणजे खोटं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"माहीत असून लिहिलंत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आपल्याला नीट ऐकू आलं ना, एवढंच ती बघत होती.

मास्तरांना रडू आलं. दीडदोनशे पोरांसमोर कधी आवाज न चढवलेला, कधी न डगमगलेला हा माणूस त्या फरशीवर बसून रडला, आणि पोरं इकडेतिकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत मुलांनी चूक पकडली होती, मुलं चुकीवर हसली होती, चुकीसाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आज पहिल्यांदा कुणीतरी मास्तरांवर नुसता विश्वास ठेवला होता. बाकीच्यांना नियम माहीत होता, म्हणून ते वाचले. हिला तो सांगायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण ही वर्गात आहे हेच त्यांनी बघितलं नव्हतं. आणि आता खोलीत आल्यावरही, समोर कौतुक चाललेलं असताना, त्यांनी भिंतीकडे एकदा नजर टाकली नव्हती.

दारात डीन आणि विभागप्रमुख बाई येऊन उभे राहिले. डीनना दम लागला होता. काय झालं ते ताईंनी दोन वाक्यांत सांगितलं. मुलगी ठीक आहे, भाजलंय, पण ठीक आहे, दवाखान्यातून येतायत. डीननी मास्तरांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांनी आपल्या मुलाकडे बघितलं, त्या घोळक्याकडे बघितलं, फरशीवर बसलेल्या मास्तरांकडे बघितलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे. चांगला माणूस होता.

"डीनसाहेब," ते म्हणाले, "हे वाईट झालं. पण या पोरांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. अपघात कुठेही होतो. माझी तक्रार मी मागे घेतो."

मास्तरांनी मान वर केली नाही. मुलीचा हात ओल्या फडक्यात धरून ते तसेच बसून होते.

"घेऊ नका," ते म्हणाले.